लॉनमोवरचे इंजिन आणि सोफ्यातील फोमचा तुकडा

नाशिकमधील आमच्या सोसायटीने हिरवळीसाठी पेट्रोलवर चालणारे लॉनमोवर विकत घेतले, तेव्हा त्याची देखरेख माझ्याकडे आली. दीडच वर्षात, ऐन मे महिन्यात, त्यातून निळसर पांढरा धूर येऊ लागला, दर आठवड्याला ऑइल शंभरेक मिलिलिटर कमी भरू लागले आणि सुरू करण्याची दोरी ओढताना हाताला जाणवणारा रेटा जवळजवळ नाहीसा झाला. पहिल्या दुकानदाराने कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, साफ केला, प्लग बदलला आणि नऊशे रुपये घेतले. धूर मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या गॅरेजमधील मिस्त्री वयस्कर आणि कमी बोलणारे होते. त्यांनी प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडले, प्लग पुन्हा बसवला आणि मला दोरी ओढायला सांगितली. दोरी एकदम जड लागली. पिस्टनवरच्या लोखंडी रिंगांभोवतीची फट ऑइलने तात्पुरती भरल्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील हवेचा दाब, परत आले होते. म्हणजे दोष व्हॉल्व्हमध्ये नसून रिंगा आणि सिलिंडर यांच्यात होता. "साहेब, रिंगा गेल्यात. पण दीड वर्षात कशा गेल्या ते आधी बघू," असे म्हणून त्यांनी एअर फिल्टरचे झाकण उघडले. आत कागदी फिल्टरच्या जागी पिवळ्या फोमचा कात्रीने कापलेला चौकोन होता.

तो तिथे कसा आला हे मला चांगले ठाऊक होते. आदल्या पावसाळ्यात पात्याखाली चिकटलेले ओले गवत खरवडण्यासाठी माळीदादांनी यंत्र कार्बोरेटरच्या बाजूवर आडवे केले होते. इंजिनातील वाफा बाहेर काढणारी ब्रीदरची नळी फिल्टरच्या डब्यातच उघडत असल्यामुळे ऑइल तिथे उतरले आणि कागद भिजून गच्च झाला. यंत्र काळा धूर सोडून बंद पडू लागले. बाजारात त्या मापाचा फिल्टर लगेच मिळेना, म्हणून माळीदादांनी जुन्या सोफ्यातील फोम कापून बसवला आणि मला विचारले. यंत्र आधीपेक्षाही हलके चालत होते, म्हणून मी "चालू द्या" म्हणालो. ते हलके का चालत होते, याचा विचार मी केला नाही.

मिस्त्रींनी पांढरी चिंधी बोटाला गुंडाळून फिल्टरच्या पलीकडच्या, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीत फिरवली. चिंधीवर विटकरी पट्टा उमटला आणि बोटांत चोळल्यावर तो कचकचला. फिल्टरसाठी बनवलेल्या फोमला ऑइलचा हलका हात दिलेला असतो, त्यामुळे धूळ त्याला चिकटते. सोफ्याचा फोम कोरडा, मोठ्या छिद्रांचा आणि कोपऱ्यांत न बसणारा होता. आमचे इंजिन १६३ सीसीचे आहे. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढते, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हिशेबाने मिनिटाला सुमारे २४० लिटर. थ्रॉटल (हवेची झडप) अर्धवट उघडा असल्यामुळे प्रत्यक्षात ती कमी असते, तरीही तासाला काही हजार लिटर हवा होतेच. त्यातच एप्रिलमध्ये आम्ही हिरवळीवर लाल माती आणि बारीक वाळू पसरली होती आणि ती पुरती मुरण्याआधीच यंत्र फिरवले होते. वाळूतील गारेचे (क्वार्ट्झचे) कण ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. ते सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलमध्ये मिसळले, की व्हॉल्व्ह घासण्यासाठी मेकॅनिक वापरतात तशी पेस्टच आत तयार होते.

इंजिन उघडल्यावर सिलिंडरवर उभे, केसासारखे ओरखडे दिसले. वरच्या टोकाला, जिथे रिंग पोहोचतच नाही, तिथे नख अडकेल असा कंगोरा राहिला होता. मूळचे ६८ मिमीचे माप वरच्या भागात ६८.२० भरले. रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली, तर ती १.१ मिमी निघाली. नव्या रिंगेत ती अर्ध्या मिमीपेक्षाही कमी असते. ०.२५ मिमी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढ्या मोठ्या, पिस्टनसाठी सिलिंडर कोरून ओरखडे पूर्ण निघाले नसते, म्हणून ०.५० चा पिस्टन घेऊन सिलिंडर लेथवर त्या मापाला बोअर करून (कोरून) आणला.

होनिंगनंतर, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडाने घासून घेतल्यावर, मिस्त्रींनी सिलिंडर पेट्रोलने न धुता साबणाच्या गरम पाण्याने ब्रश मारून धुतला आणि ऑइल लावलेली चिंधी करडी व्हायची थांबेपर्यंत तो पुसत राहिले. पेट्रोल चिकटपणा काढते, पण होनिंगच्या दगडाची कणी मागेच राहते, असे त्यांचे म्हणणे होते. एकूण खर्च सहा हजार आठशे रुपये आला. त्यातच साडेतीनशे रुपयांचा नवा कागदी फिल्टर होता आणि सभेत हिशेब वाचताना नेमका तोच आकडा मला अवघड गेला. पहिल्या पाच तासांनंतर ऑइल बदलून घेतले.

आता कागदी फिल्टरच्या बाहेरून बसणारा, फिल्टरसाठीच बनवलेला फोम आम्ही साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, थोडे ऑइल लावून, कापडात दाबून मगच बसवतो. माती पसरलेल्या दिवसांत तर प्रत्येक कापणीनंतर. आतला कागदी फिल्टर फक्त हलकेच आपटून झटकतो, त्याला ऑइल लावत नाही की पंक्चरवाल्याकडची हवा मारत नाही, कारण त्या जोरात कागद फाटतो आणि फाटलेला डोळ्यांना दिसतही नाही. यंत्र आडवे करायचे झाल्यास कार्बोरेटर वरच्या बाजूला ठेवायचा, हे माळीदादांनी झाकणावर खडूने बाण काढून ठेवले आहे. महिन्यातून एकदा मी नळीत चिंधी फिरवतो. गेल्या महिन्यात तिच्यावर एका कडेला फिकट रेघ आली. पाहिले तर झाकणाची एक क्लिप वाकून तिथे फट पडली होती. क्लिप सरळ करून फिल्टरच्या कडेला ग्रीसचे बोट फिरवले आहे, आणि या महिन्याची चिंधी पांढरी निघाली आहे.