खोडलेलं नाव

मी घरात धाकटा, त्यामुळे सायकल, दप्तर, पुस्तकं सगळं दादाचं वापरून झालं की माझ्याकडे यायचं, पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव खोडून खाली माझं लिहायचं आणि जूनमध्ये नव्या बाई हमखास विचारायच्या, "तू त्याचा भाऊ ना रे?" म्हणूनच असेल, पण पाश्चात्त्य संगीतातले हायडन बंधू म्हटलं की मला आधी धाकटा मायकेल आठवतो.

थोरला योसेफ, शंभराच्या वर सिंफनी (अख्ख्या वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) लिहिलेला, तो सगळ्यांना माहितीये. ऑस्ट्रियातल्या रोराउ गावात गाडीची चाकं बनवणाऱ्याची ही पोरं, १७३२ आणि १७३७ ची. दोघंही व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गायला होते आणि गंमत म्हणजे तिथे धाकटाच भाव खाऊन गेला, थोरल्याचा आवाज फुटला तेव्हा खुद्द महाराणी म्हणाली म्हणे की हा गात नाही, आरवतो! (हे वाचून मला जरा जास्तच बरं वाटलं.)

पुढे मायकेल १७६३ मध्ये साल्झबर्गला नोकरीला लागला तो शेवटपर्यंत, ४३ वर्षं तिथेच. १७७१ च्या जानेवारीत त्याची एकुलती एक मुलगी गेली, वर्षाचीही नव्हती. डिसेंबरात तिथले आर्चबिशप वारले आणि याने घाईघाईत रेक्विएम, म्हणजे मृतासाठीचं चर्चमधलं प्रार्थनासंगीत, लिहून दिलं, पण ते ऐकताना आर्चबिशप कुठेच आठवत नाहीत हो. ते वाजवणाऱ्यांत पंधरा वर्षांचा मोझार्ट होता, वीस वर्षांनी त्याने स्वतःचं लिहायला घेतलं ते आधी मायकेलचं ऐकून मग ऐका, पहिल्या दोन मिनिटांतच कळेल मी काय म्हणतोय. आणि चर्चसंगीतात मायकेल माझ्यापेक्षा सरस, हे योसेफ स्वतः मानायचा. आमचा दादा असलं काही कबूल करेल तर शपथ.

पण नावाचं नशीब बघा. मायकेलच्या एका सिंफनीला मोझार्टने सुरुवातीचा संथ तुकडा जोडला, त्याच्या अक्षरातली प्रत सापडली आणि लोकांनी अख्खी सिंफनीच मोझार्टची ३७ वी म्हणून छापून टाकली. १९०७ मध्ये चूक उघडकीस आली, नाव खोडलं गेलं, पण बाकीचे नंबर कोणी बदलले नाहीत. माझ्याकडच्या मोझार्टच्या सेटमध्ये ३६ नंतर डायरेक्ट ३८ आहे.