बागेसाठी रोखे काढायचे, तर आधी खसरा बघा

नागपूर मनपाने कर्जरोखे काढावेत आणि त्या पैशातून विकास आराखड्यातल्या बागा-मैदानांच्या आरक्षित जमिनी घ्याव्यात, हे ऐकायला छान वाटतं. असा प्रस्ताव आमसभेत आला की चर्चा हमखास व्याजदरावर रेंगाळते. व्याजदर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

अमेरिकेत असा विषय थेट मतपेटीत जातो. कॅलिफोर्नियात तर मालमत्ताकरातून फेडायच्या रोख्यांना शहरातल्या दोन तृतीयांश मतांची गरज असते. आपल्याकडे मतदाराला कोणी विचारत नाही. आमसभेचा ठराव, राज्य सरकारची मंजुरी, पतमानांकन, सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे कागदपत्रं आणि परतफेडीसाठी एस्क्रो खातं (फक्त परतफेडीसाठी राखून ठेवलेलं), एवढ्या पायऱ्या. नागपूरला रोखे नवीनही नाहीत, २००१ मध्ये मनपाने ५० कोटींचे काढले होते, पाणीपुरवठ्यासाठी. पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटी ७.५९ टक्क्यांनी उचलले, तेही पाण्यासाठीच. इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटी घेतले ते सौरऊर्जेसाठी, म्हणजे पाणी उपसण्याचं वीजबिल कमी व्हावं म्हणून. पाण्याला पाणीपट्टी असते, सौरऊर्जेत बिल वाचतं. बाग काहीच कमवत नाही. पाच-दहा रुपयांच्या तिकिटातून माळ्याचा पगारही निघायचा नाही. त्यामुळे हे कर्ज फेडायचं ते मालमत्ताकरातूनच, आणि ठरावात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

आता आकडे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. दर २०,००० रुपये चौरस मीटर धरा (हिशेबाला सोपा म्हणून), बाजारमूल्य २० कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे ४० कोटी. शिवाय बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के. निवाड्याला दोन वर्षं लागली तर आणखी ४ कोटी ८० लाख. एकूण ४४ कोटी ८० लाख. बाजारमूल्यही रेडी रेकनरवर (सरकारने ठरवलेल्या जमीनदरांवर) थांबत नाही. आसपासच्या तीन वर्षांच्या विक्रीपत्रांतली चढ्या दराची निम्मी घेऊन सरासरी काढतात, आणि रेडी रेकनर व ही सरासरी यांत जे जास्त ते धरतात. प्रस्तावात नुसता रेडी रेकनरचा दर दिसला की समजा, आकडा निम्म्याहून कमी दाखवलाय.

म्हणजे १०० कोटींच्या रोख्यांत सव्वादोन हेक्टर जमीन येते. ८ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर दरवर्षी ८ कोटी व्याज, आणि मुद्दल शेवटी एकदम द्यायचं म्हणून कर्जनिवारण निधीत दरवर्षी १० कोटींच्या आसपास बाजूला ठेवायचे. त्या निधीवर व्याज मिळेल तेवढी सूट.

सव्वादोन हेक्टरसाठी एवढा खटाटोप? सरसकट करायचा असेल तर नाहीच. आरक्षित जमीन पैसे न देता घ्यायची सोय आहेच: टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. दाट वस्तीबाहेर जमिनीच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट. पण टीडीआर वापरताना दोन्हीकडच्या रेडी रेकनर दरांचं गुणोत्तर लागतं. २०,००० दराच्या जमिनीवरचा १,००० मीटर टीडीआर ६०,००० दराच्या प्लॉटवर वापरायला गेलात तर ३३३ मीटरच उरतो. धरमपेठ, रामदासपेठेत मागणी, आणि आरक्षणं पडून आहेत स्वस्त दराच्या कडेच्या मौजांत. तिथला जमीनमालक म्हणतो, कागद नको, रोकड द्या. त्याचं चूक नाही. रोख्यांचा पैसा लावायचाच असेल तर तो या जमिनींवर, आणि त्यातही जिथे कलम १२७ चं घड्याळ चालू झालंय तिथे.

हे घड्याळ असं चालतं. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक हक्काच्या कागदांसह नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. नोटिसीपासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपतं. नागपूरचा आराखडा २००० साली मंजूर झालेला, तेव्हा त्यातल्या जमिनींची दहा वर्षं केव्हाच उलटली. आणि ‘पावलं’ म्हणजे काय? आमसभेने ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडलं, एवढ्याने भागत नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संपादनाकडे नेणारी खरी कारवाई हवी. ती पैशांच्या तरतुदीशिवाय पुढे सरकत नाही. २४ महिन्यांतले १८ रोख्यांच्या मंजुरीतच गेले, तर रोखे निघतील आणि बाग जाईल.

उलटही होतं. रोखे आधी काढले, जमिनी तयार नाहीत, पैसा ठेवीत पडून. ८ टक्क्यांनी घेतलेला पैसा साडेसहाने ठेवला तर १०० कोटींवर वर्षाला दीड कोटी नुसते जळतात. म्हणून मंजुरी एकदाच घ्यावी आणि उचल टप्प्याटप्प्याने करावी.

जमीन तयार म्हणजे काय ते जागेवरच कळतं. आराखड्यात हिरवा तुकडा एकसंध दिसतो. त्यावर खसऱ्यांच्या (सर्व्हे नंबरांच्या) हद्दी टाका, तो तीन-चार खसऱ्यांत विभागलेला निघतो. एका खसऱ्यावर जुन्या मालकाने लेआउट पाडून दीड-दीड हजार फुटांचे प्लॉट विकलेले असतात. प्लॉटधारकाकडे विक्रीपत्र आहे, पण आरक्षणामुळे आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) मिळालेलं नाही, आखीव पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) नाही. सातबाऱ्यावर मूळ मालकाचे सात वारस. मोबदला कोणाला? उत्तर मिळेपर्यंत रक्कम भूसंपादन प्राधिकरणात जमा होते आणि जागेवर टिनाची शेडं वाढत जातात.

त्यामुळे प्रस्तावाला जोडलेली यादी खसरावार आहे का, ते आधी बघा. मौजा, खसरा क्रमांक, सातबाऱ्याचं क्षेत्र आणि मोजणीच्या ‘क’ प्रतीतलं (मोजणी नकाशातलं) क्षेत्र (ही दोन क्वचितच जुळतात), आरक्षण मनपाच्या नावे की नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास), १२७ ची नोटीस कोणत्या तारखेला आली, मालकाने टीडीआर लेखी नाकारला का. ‘पूर्व नागपुरातील उद्यानांसाठी’ एवढंच लिहिलं असेल तर फाइल परत पाठवावी.

ताबा पावती झाली की त्याच आठवड्यात तारेचं कुंपण आणि फलक, लगोलग फेरफाराचा अर्ज. चौकीदार, बोअरचं बिल आणि माळी यांचा खर्च रोख्यांतून करू नये. तो उद्यान विभागाच्या चालू तरतुदीतून व्हावा, आणि ती तरतूद ताब्याच्या वर्षातच धरलेली असावी. पहिला पावसाळा चुकला तर रोपं पुढच्या जूनपर्यंत लावता येत नाहीत, आणि नागपूरच्या मे महिन्यात मोकळं आवार बघून मंडपवाले आधी येतात.