पेडेच्या मैदानावरचा नवा आवाज

शुक्रवार, रात्री

हॉकी स्पर्धेचा नवा समालोचक लोकांनी पहिल्याच संध्याकाळी निकालात काढला आणि मला त्याचा राग आलाय. जेवण झाल्याबरोबर लिहायला बसले ते त्यासाठीच.

इथे गोव्यात, पेडेला म्हापशाच्या मैदानावर आमची जुनी मंडळी ठरलेल्या कोपऱ्यात बसतात. एकेकाळचे गोलरक्षक, पंचगिरी केलेले, माझ्यासारख्या कॉलेजच्या संघातून राइट हाफ खेळलेल्या दोघी-तिघी. यंदा आयोजकांनी सामने मोबाइलवर थेट दाखवायचे ठरवले आणि धावत्या वर्णनासाठी डिचोलीकडच्या एका मुलाला बसवले. भजनी स्पर्धांचे आणि नाटकांचे निवेदन करणारा मुलगा. आवाज असा की कर्णा नसता तरी पलीकडच्या गोलपोस्टपर्यंत पोचला असता. शाळेत हॉकी खेळलाय म्हणे थोडीफार.

मध्यंतरापर्यंत निकाल लागलेला. "ताका उलोवंक येना," म्हणजे याला बोलता येत नाही, असे मागच्या रांगेतले एक काका. "बॉल खंय पावला आनी हो खंय!" दुसरे. मग कुणीतरी रेडिओवरचे थोर हॉकी समालोचक जसदेव सिंगांचे नाव काढले. ते नाव निघाले की पुढे कुणी काय बोलायचे?

तक्रारी खोट्या नव्हत्या, हेही इथे लिहून ठेवते. मुलगा निवेदकाची वाक्ये बोलतो. "सात नंबरची जर्सी परिधान केलेल्या या उमद्या खेळाडूने अतिशय कौशल्याने चेंडू डाव्या बगलेकडे..." इथपर्यंत तो येतो, आणि 'ढकललेला आहे' म्हणायच्या आधी चेंडू तिथून सुटून डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरलेला असतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्याला इलाज नाही. पण मैदानावर वाक्य पुरे करायचे नसतेच. "सात नंबर. डावीकडे. अडवला. परत सात." इतके तोडून बोलावे लागते. ज्याचे सगळे शिक्षण वाक्य सुरेख पुरे करण्यात गेले, त्याला ते अर्ध्यावर सोडायला जिवावर येणारच.

दुसरी गोष्ट नावांची. त्यात तो खूप चुकला. एका गोलचे श्रेय भलत्यालाच दिले आणि ज्याने गोल केला त्याची आई आमच्या दोन रांगा पुढे बसली होती. तिने मागे वळून माइकच्या टेबलाकडे पाहिले. त्या माउलीची बाजू मी पूर्णपणे घेते. मुलगा गावाहून बसने येऊन खेळतो, आयुष्यात पहिल्यांदा त्याचा गोल मोबाइलवर दिसतो, आणि नाव दुसऱ्याचे लागते. समालोचकाकडून एवढी एक गोष्ट मागायचा हक्क प्रत्येकाला आहे.

पण 'उलोवंक येना' हे मला मान्य नाही. बोलता तर त्याला उत्तम येते. बघता येत नाही अजून.

शनिवार, सकाळी

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जसदेव सिंगांचाच विचार चालला होता. त्यांच्याशी तुलना करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

15 मार्च 1975. क्वालालंपूरचा विश्वचषक अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. आम्ही पिछाडीवर होतो, सुरजीत सिंगने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली आणि मग अशोक कुमारचा तो गोल, खांबाच्या आतल्या कडेला लागून बाहेर आलेला, ज्यावर पाकिस्तानी खेळाडू पंचांशी भांडले. 2-1. आमच्या घरी ही गोष्ट बाबा अशी सांगत की जणू मर्डेका स्टेडियममध्ये स्वतः बसले होते. प्रत्यक्षात ते बसले होते ट्रान्झिस्टरला कान लावून, आणि जे 'पाहिले' ते सगळे जसदेव सिंगांच्या हिंदीतून. 2008 साली त्यांना पद्मभूषण मिळाले तेव्हा बाबांनी घरात पेढे वाटले होते. त्या माणसाची थोरवी मला कुणी शिकवायला नको.

मात्र तो सामना गवतावर झाला. ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम मैदानावर आली ती 1976 ला, मॉन्ट्रियलमध्ये. गवतावर चेंडू उसळतो, अडतो, मंदावतो, आणि तेवढ्यात समालोचकाला श्वास घ्यायला मिळतो. शिवाय ऑफसाइड होता, म्हणजे बचावपटूंच्या पुढे जाऊन चेंडूची वाट पाहायला मनाई, त्यामुळे शिट्टी सारखी वाजायची. ऑफसाइड 1998 मध्ये गेला. 2009 पासून सेल्फ पास आला, म्हणजे फ्री हिट मिळालेला खेळाडू कुणाची वाट न पाहता स्वतःच चेंडू घेऊन सुटतो. आधी फ्री हिट म्हटले की सगळे जागेवर जाईपर्यंत दोन वाक्ये बोलून व्हायची. आता शिट्टी कशासाठी वाजली हे सांगेपर्यंत हल्ला पंचवीस यार्डांच्या आत. खेळाडू बदलायलाही घड्याळ थांबत नाही, कितीही वेळा आत-बाहेर करता येते. मोठ्या मुश्किलीने ओळखलेला खेळाडू वर पाहावे तो बाकावर पाणी पितोय आणि त्याच्या जागी त्याच उंचीचा, तसेच केस कापलेला दुसराच कुणी.

जसदेव सिंग आज असते तर त्यांनी यावरही मात केली असती, मला शंका नाही. पण त्यांनाही सराव करायला काही सामने लागले असते.

आणखी एक फरक आहे. रेडिओवर समालोचक गप्प बसला तर ऐकणाऱ्यापुढे काळोख. मोबाइलवर चित्र समोर असते. त्यामुळे थोडे कमी बोलले तरी चालते, पण चूक झाली की लगेच पकडली जाते. जुन्या काळी रेडिओवर एखादे नाव चुकले तर रत्नागिरीत किंवा फोंड्यात बसलेल्या माणसाला कळणार कसे?

शनिवार, रात्री

टोरांटोच्या मावसबहिणीचा फोन. तिची मुले बर्फावरची हॉकी बघतात, तिलाही आता बरेच कळते. मी इथली सगळी हकीकत सांगितली तर तिने हरनारायण सिंगची आठवण काढली.

कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे पंजाबी प्रक्षेपण 2008 साली सुरू झाले. हा तरुण राहणारा कॅल्गरीचा आणि सामने बोलायचे टोरांटोतून. सुरुवातीच्या काळात तो विमानाने ये-जा करायचा, अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर! 2016 च्या स्टॅनली कपच्या, म्हणजे तिथल्या हॉकीच्या सगळ्यात मोठ्या चषकाच्या, अंतिम लढतीत पिट्सबर्गच्या निक बोनिनोने शेवटच्या मिनिटांत गोल केला, तेव्हा या पठ्ठ्याने 'बोनिनो, बोनिनो, बोनिनो' असा जो सूर लावला तो सगळ्या उत्तर अमेरिकेत पोचला. पिट्सबर्गने कप जिंकल्यावर त्या पंजाबी चमूला विजयोत्सवाला बोलावले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने इंग्रजीतूनही सामन्याचे समालोचन केले.

बहीण म्हणाली, "ते सगळ्यांनी ऐकलं गं. पण आधीची आठ वर्षं कुणी ऐकली?"

आमच्या मंडळींना हे सांगायला हवे. पंजाबीत बर्फावरची हॉकी बोलायची म्हणजे त्यांना सगळी बोलीच नव्याने बसवावी लागली असणार. आपल्या मुलापुढेही तेच काम आहे. क्रिकेटचे मराठी समालोचन बाळ ज. पंडितांसारख्यांनी आकाशवाणीवर रुजवले, मागून येणाऱ्यांना वाट तयार मिळाली. हॉकीत तशी वाट नाही. आमच्याकडे तर मैदानावर बोलणे कोकणीत, शिव्या कोकणीत, नियम इंग्रजीत आणि वर्तमानपत्रातली बातमी मराठीत. त्यातून या मुलाने आपली एक भाषा जुळवायची आहे.

रविवार, रात्री

आज मी सरळ माइकच्या टेबलाशी जाऊन बसले. आयोजकांना विचारले, त्यांना काही हरकत नव्हती.

टेबलावर काय होते ते लिहिते, कारण त्यातच अर्धे उत्तर आहे. दोन्ही संघांच्या याद्या, हाताने लिहिलेल्या, नंबरांच्या क्रमाने. एका कोपऱ्यात फोन. आणि मधोमध, सगळ्यात मोठ्या टायपात, प्रायोजकांच्या नावांचा कागद, 'प्रत्येक पेनल्टी कॉर्नरला वाचणे' अशी सूचना लिहिलेला.

म्हणजे लोक ज्याच्यासाठी त्याला सगळ्यात जास्त बोल लावत होते, ती चूक त्याची नव्हतीच. पेनल्टी कॉर्नर म्हणजे समालोचकाची सुगी. आंतरराष्ट्रीय सामन्यांत घड्याळ थांबवून तयारीला 40 सेकंद देतात, इथेही साधारण तेवढा वेळ जातोच. बचावाचे गोलरक्षकासह पाचजण गोलरेषेच्या मागे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. कोण आत ढकलणार, कोण अडवणार, ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत गोलकडे भिरकावायला, कोण उभा आहे, पहिला धावून अंगावर जाणारा कोण, हे सगळे तेव्हाच सांगायचे. चेंडू एकदा आत आला की फ्लिक ताशी 100 किलोमीटरच्या वर जाऊ शकते, तेव्हा काय बोलणार? आणि नेमक्या त्या वेळेला आमचा मुलगा फर्निचरच्या दुकानाचे नाव वाचत होता.

मी घरून जाड पुठ्ठा नेला होता. त्यावर दोन्ही संघ नंबरांच्या क्रमाने न लिहिता मैदानावर उभे राहतात तसे लिहिले. वर गोलरक्षक, खाली बचावफळी, मग हाफ, मग फॉरवर्ड. बदली खेळाडू बाजूला, पेन्सिलीने. या संघांच्या जर्सीवर नंबर फक्त पाठीवर आहेत. आपल्या दिशेने हल्ला आला की दिसतात नुसते चेहरे. म्हणून प्रत्येक नावापुढे एक खूण लिहिली: पांढरे मोजे, डोक्याला पट्टी, डावा खांदा पाडून धावतो, स्टिकची मूठ हिरवी. चेंडू ज्याच्याकडे जाईल त्या नावावर मी बोट ठेवायचे आणि त्याने बोलायचे.

पहिल्या क्वार्टरमध्ये आमचे जमेना. तो माझ्या बोटाकडे बघायचा आणि मैदान सुटायचे. दुसऱ्यात त्याने स्वतःच सांगितले, "ताई, तुम्ही बोट नको, नाव हळू बोला." मग मी त्याच्या डाव्या कानाशी नावे कुजबुजू लागले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये, कसे कोण जाणे, त्याची वाक्ये तुटायला लागली. "पंधरा नंबर. मागे दिला. मागेच ठेवलाय. आता लांब... उजवीकडे मोकळा आहे... गेला!" आमच्या कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवली. खेळासाठी असेल, त्याच्यासाठी असेल.

चौथ्या क्वार्टरमध्ये एका खेळाडूला यलो कार्ड मिळाले, म्हणजे काही मिनिटे मैदानाबाहेर, आणि त्याची पुन्हा गाडी घसरली. दहाजण उरले हे त्याने सांगितले, पण बाहेर गेलेल्याची जागा कुणी घेतली, रचना कशी बदलली, यावर अवाक्षर नाही. सामना संपल्यावर मी त्याला पॅरिस ऑलिंपिकमधला भारताचा उपांत्यपूर्व सामना बघायला सांगितला, 4 ऑगस्ट 2024, ग्रेट ब्रिटनविरुद्धचा. सतराव्या मिनिटाला आपल्या बचावफळीतल्या अमित रोहिदासला रेड कार्ड मिळाले आणि उरलेली 43 मिनिटे भारत दहाजणांवर खेळला. 1-1, मग शूटआउटमध्ये 4-2. तो सामना आवाज बंद करून बघ म्हटले, आणि रोहिदास गेल्यावर त्याच्या जागेवर कोण कोण येते ते तू स्वतः बोलून रेकॉर्ड कर. पेनल्टी कॉर्नरला सगळ्यात पुढे धावून जाणारा माणूसच बाहेर होता, तेव्हा प्रत्येक कॉर्नरला कोण धावले ते शोध.

त्याने वहीत लिहून घेतले. मग विचारले, "पण ताई, लोकांना माझा आवाज आवडत नाही का?" मी म्हटले, आवाजाला कुणी नावे ठेवली नाहीत आणि ठेवली तरी ऐकू नकोस. पहिल्या दिवशी ज्याच्या गोलला दुसऱ्याचे नाव लागले, त्याचे नाव मात्र उद्या सामन्याच्या आधी माइकवरून घे, नीट, गोल कसा झाला ते सांगून. त्याने ते तिथेच, माझ्यासमोर पाठ केले.

सोमवार, रात्री

त्याने नाव घेतले. ती आई आज आली नव्हती, कुणीतरी तिला सांगेलच.

काल पॅरिसचा सामना त्याने रात्री एक वाजेपर्यंत बघितला. रेकॉर्डिंग मला ऐकवले. अजून उशीर होतो, पण रोहिदासच्या जागेचे जवळजवळ सगळे बरोबर पकडले होते. आजच्या सामन्यात दोन कार्डे निघाली आणि दोन्ही वेळा रचना सांगितली, एकदा चुकीची.

आयोजकांपैकी एकाने बाजूला घेऊन सांगितले की अंतिम सामन्याला बाहेरून अनुभवी माणूस आणायचे चाललेय, इंग्रजीत बोलणारा. 2023 च्या राष्ट्रीय स्पर्धांची हॉकी याच मैदानावर झाली, तेव्हापासून आमच्या लोकांना त्या थाटाची सवय लागलीय. मी त्यांना स्पष्ट सांगितले की हे चूक आहे. आठवडाभर रोज रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलायला हा मुलगा चालतो, आणि स्टँड भरणार त्या दिवशी त्याला उठवायचे? मग शिकायचे कुठे त्याने? हवा तर अनुभवी माणूस त्याच्या शेजारी बसवा, मध्यंतरात बोलू द्या, डावपेच समजावू द्या. खेळ सुरू असताना माइक या मुलाकडेच राहू द्या. आणि प्रायोजकांचा कागद पेनल्टी कॉर्नरवरून काढून क्वार्टरच्या विश्रांतीत टाका, तिथे दोन मिनिटे मिळतात, सगळ्या दुकानांची नावे दोनदा वाचून होतील.

ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो. कोपऱ्यातल्या आमच्या मंडळींपैकी तिघांनी माझ्याबरोबर समितीकडे यायचे कबूल केलेय. त्यात 'उलोवंक येना' म्हणणारे काका नाहीत. त्यांचे म्हणणे अजून तेच आहे, पण आज त्यांनी त्याच्या पुठ्ठ्यासाठी दोन संघांच्या खुणा मला लिहून दिल्या, आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे. बैठक बुधवारी सहा वाजता. तोवर उपांत्य सामन्यांचे पुठ्ठे तयार करायचे आहेत.