पाठकोरी वही

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली ती यादी घेऊनच. आर्ट जर्नल नावाची एक वही, तिच्यात लावायला नक्षीच्या चिकटपट्ट्या, सोनेरी वर्ख आणि ‘जुना दिसणारा’ कागद. शेवटच्या वस्तूपाशी मी अडखळले. म्हटलं, जुना दिसणारा कागद नवा विकत मिळतो? तर हो म्हणे, कडा करपल्यासारख्या तपकिरी, १२ कागदांचा गठ्ठा, २८० रुपये. मी काही न बोलता दिवाणाची गादी उचलली आणि फळी सरकवली.

“घे. यातला दिसणारा एकही नाही. आहेच जुना.”

लग्नपत्रिका, साड्यांच्या खोक्यांतले पातळ कागद, रुपया चिकटवलेली आहेराची पाकिटं (रुपया काढून घेतलेली), मिठाईचे सपाट केलेले खोके, गेल्या सात-आठ वर्षांची कॅलेंडरं, आणि आकाशकंदिलाचा सांगाडा मोडल्यावर उरलेले पतंगी कागदाचे ताव. घरातले सगळे या दिवाणाला हसतात. हसतात आणि वाढदिवसाच्या आदल्या रात्री अकरा वाजता “घरात गिफ्ट पेपर आहे का गं?” असं विचारायला माझ्याकडेच येतात.

वहीसुद्धा विकत आणायची नाही असं मी ठरवून टाकलं. आमच्या लहानपणी एप्रिलमध्ये परीक्षा संपली की वडील सगळ्या वह्या पुढ्यात घेऊन बसत. प्रत्येकीतली कोरी पानं वेगळी. अर्धं लिहिलेलं, पण मागून मोकळं असलेलं पान तेही वेगळं. ते पाठकोरं. कोऱ्या पानांची वही दाभणानं शिवून जूनमध्ये शाळेत जायची आणि पाठकोऱ्यांची कच्ची वही घरात गणितं सोडवायला. शेजारच्या मुलीच्या नव्या कोऱ्या दोनशेपानी वह्या बघून तेव्हा किती रडू यायचं ते भाचीला सांगितलं नाही. तिला सांगितलं की याला हल्ली रीसायकल म्हणतात. तिला ते पटलं.

तर तसंच केलं. यांच्या ऑफिसातून कधीकाळी आलेले पाठकोरे कागद मधोमध दुमडले, चार-चारच्या घड्या केल्या, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवल्या. पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा. हा खोका बाहेरून पांढरा, गुळगुळीत, चकचकीत, आणि आतून राखाडी. तो राखाडी थर म्हणजे कुठल्यातरी आधीच्या रद्दीचाच लगदा असतो. नीट बघितलं तर त्यात मधूनच एखादा निळा किंवा लाल तंतू सापडतो. भाचीनं नखानं उकरून तसे तीन शोधले आणि आम्ही पुठ्ठा उलटा लावला, राखाडी बाजू वर.

विषय तिनंच काढला: सणांची वही. अट मी घातली. ज्या सणाचं पान, त्याला त्या सणानंच घरात आणलेला कागद. अट घालताना वाटलं होतं त्यापेक्षा ती फार अवघड निघाली आणि आम्ही ती सोयीनं मोडलीही. संक्रांतीला कागद कुठून आणायचा? पूर्वी तिळगुळासोबत छोटी भेटकार्डं यायची, आता मोबाइलवर फुलंच फुलं येतात. शेवटी काळी फाईल कापली आणि तिच्यावर पंचिंग मशीनच्या पोटातल्या पांढऱ्या टिकल्या चिकटवून हलव्याचा हार केला. हलवा लांबून फक्कड दिसतो. जवळून त्याला काटा नाही, त्याला इलाज नाही.

चिकटवायला खळ केली. मैदा दोन चमचे, पाणी कपभर, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचं. बुकबाइंडर त्यात मोरचूद टाकतात, कीड लागू नये म्हणून. ते विष, आणि पातेलं दुधाचं, म्हणून मी नाही टाकलं. त्याचा परिणाम चौथ्या दिवशी सकाळी दिसला. झुरळांनी रात्रभर पंगत झोडली होती. होळीच्या पानाचे चिरोट्यासारखे पदर सुटले होते. तेव्हापासून वही रात्री स्टीलच्या डब्यात झोपते, घट्ट झाकणाच्या.

होळी गेली त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण रंगपंचमी वाचली होती, आणि ती आमची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात देखणी. पतंगी कागदाचा रंग पक्का नसतो. गुलाबी, हिरवा, निळा, ज्या कुठल्या तावाचे तुकडे असतील ते कोऱ्या पानावर पसरायचे, वरून पाण्याचा हात मारायचा आणि दहा मिनिटांनी कागद उचलून टाकायचे. खाली रंग उतरलेला असतो, कडेला गडद, मध्ये फिका, दोन तुकडे जिथे एकमेकांवर आले तिथे तिसराच. लहानपणी पावसात भिजलेल्या कंदिलाखालची फरशी अशीच रंगायची आणि आम्ही बोलणी खायचो. भाचीची बोटं दोन दिवस जांभळी होती.

श्रावणाचं पान जिवतीच्या कागदाचं. भाचीला तो माहीत नव्हता. खांबातून प्रकटलेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर कृष्ण, लेकुरवाळ्या जिवत्या, आणि बुध-बृहस्पती, एक हत्तीवर, एक वाघावर. श्रावणात महिनाभर हा भिंतीवर, शुक्रवारी त्याला आघाडा-दूर्वांची माळ, गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य. मूळ छपाई इतकी बाळबोध की वाघ मांजरासारखा दिसतो. पण खरा कागद तयार होतो तो महिन्याच्या शेवटी. दर शुक्रवारी ओल्या बोटानं लावलेली हळद-कुंकवाची बोटं एकावर एक चढून जिवतीचं तोंडच दिसेनासं होतं. हे कागद रद्दीत घालवत नाहीत, म्हणून साठले होते. भाची म्हणाली, “मावशी, हे ते जुनं दिसणारं आहे ना, ते दुकानात असंच करून देतात.” मी तिला कात्री लावू दिली नाही. घडी घालून अख्खाच लावला, उलगडायचा.

देवांचं हेच अवघड. घरात येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या कागदावर देव असतो आणि कागदाला चुकून पाय लागला तरी हात कपाळाला नेणारी आपली माणसं. देवाचा कागद टाकायचा कुठे? कुठल्याही पिंपळाचा पार बघा, उत्तर तिथे पडलेलं असतं. आमच्या दिवाणातल्या पत्रिकांवरचेच गणपती कापले तर ४३ निघाले. त्यातले एकवीस निवडून चतुर्थीचं पान केलं. एक पिंपळपानाचा, एक नुसत्या एका रेघेत ओढलेला, एक ॐ मधून उमटलेला, एक सोनेरी ठशाचा, ज्याच्यावरून बोट फिरवलं की सोंड हाताला लागते. एकविसांतल्या दोन जोडप्यांचं पुढे पटलं नाही. गणपतीचा त्यात काय दोष, म्हणून त्यांनाही ओळीत बसवलं. आता हा पुरवठाही आटतो आहे. पत्रिका मोबाइलवर येते आणि तिच्यातला गणपती हलतो, पण कापता येत नाही.

मखराला मात्र कागद मुबलक. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली आणि आमच्या गल्लीत पुठ्ठ्याचे महाल उभे राहिले. त्यातल्या एका महालाची कमान या पानाला लावली आहे. जरा मोठी झाली, वही त्या पानाशी मिटत नाही.

दसऱ्याला भाचीला पाटीवरची सरस्वती दाखवली, एकाच्या आकड्यांची. तिची कल्पना अशी की हे एक कॅलेंडरमधून कापायचे. मग आम्ही मोजत बसलो. ३१ दिवसांच्या महिन्यात एक येतो १४ वेळा: पहिली तारीख, दहा ते एकोणीस, त्यात अकराला दोन, मग २१ आणि ३१. ३० च्या महिन्यात १३. अख्ख्या वर्षात १६३. सरस्वतीला इतके कशाला लागतात, पण मोजण्यात एक दुपार मजेत गेली आणि एका जुन्या वर्षाची पार चाळणी झाली.

दिवाळी शेवटी ठेवली होती. खरं तर तिचा कागद सगळ्यात जास्त. दिवाळी अंकच बघा. १९०९ साली ‘मनोरंजन’नं काढला तो पहिला म्हणतात, तेव्हापासून मराठी माणूस फराळासोबत छापील कागद खातो आहे. पण अंकातल्या कथेला कात्री लावायला हात होईना, म्हणून फक्त जाहिराती घेतल्या. त्या कागदावर मातीचा चकचकीत लेप असतो, त्याच्यावर खळ धरत नाही. मागून पॉलिश पेपर हलकासा घासला की धरते. जाहिरातीतल्या पैठणीचे काठ, दागिने, एका बँकेचा दिवा, असं सगळं मांडून झालं. पान श्रीमंत दिसत होतं. दिवाळीचं दिसत नव्हतं. कुणाच्याही घरची दिवाळी असावी तसं.

म्हणून मागची पार्श्वभूमी बदलायला २०२३ च्या कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान काढलं. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता आणि गणपतीपासून सगळेच सण पुढे सरकले होते. १२ तारखेला रविवारी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकत्र, पाडवा थेट १४ ला, भाऊबीज १५ ला. मधला सोमवार, १३, नुसती अमावास्या. फाडायला घेतलं. कागद उभा सरळ फाटतो आणि आडवा फाडला की वाटेल तिथे जातो, यंत्रात तंतू एका दिशेनं निजतात म्हणून. मी आडवा फाडत होते आणि फाट नेमकी १३ च्या चौकोनावर येऊन थांबली.

चौकोनात सासूबाईंचं अक्षर होतं.

आमच्याकडे कॅलेंडर त्या भरायच्या. दुधाचा आकडा, बाई आली नाही की फुली, ‘सि. लावला’ म्हणजे गॅसचा सिलिंडर, कुणाचा फोन, कुणाचं श्राद्ध. आता हे सगळं मोबाइलमध्ये असतं आणि त्या तिकडे फिरकत नाहीत. त्या पानावर १० ला ‘करंजी ६०’, १२ ला ‘दू. ३, पाहुणे ७’ आणि १३ च्या रिकाम्या दिवशी, बारीक अक्षरात, ‘चकल्या मऊ पडल्या’.

जाहिरातींची पैठणी मी बाजूला सारली. पान तसंच्या तसं, फाटक्या कडेसकट, वहीत लावलं आणि वर वजनाला पोळपाट ठेवला. भाची म्हणाली, “यावर काय चिकटवायचं?” म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी सासूबाईंना वही दाखवली. चष्मा लावून त्यांनी एकवीस गणपती मोजले, जिवतीच्या कागदाला हात लावून तो कपाळाला नेला, हलव्याला काटा नाही हे सांगितलं. दिवाळीपाशी थांबल्या. चौकोन डोळ्यांजवळ नेला.

“हे कुणी लिहिलं?”

“तुम्हीच, आई. तुमचंच अक्षर.”

“माझ्या चकल्या मऊ पडल्या?” त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की जणू मीच त्या आता, या क्षणी, मऊ पाडल्या. “चाळीस वर्षं करतेय. भाजणी माझी, मोहन माझ्या हाताचं. उगाच काहीतरी.”

“असेल, आई. एखाद्या वर्षी होतं.”

“होत नाही. पेन दे.”

भाचीनं तिचं बारीक टोकाचं काळं पेन पुढे केलं. सासूबाईंनी वही मांडीवर घेतली, थरथरता हात दुसऱ्या हातानं धरला आणि ‘चकल्या मऊ पडल्या’ यावर नीट, एकच सरळ रेघ मारली. मग चौकोनात जागा शोधली. मिळाली नाही, म्हणून शेजारच्या पाडव्यात घुसून त्यांनी लिहिलं: ‘हवा दमट होती.’