बाबांच्या दंडावरचा पट्टा

काल बाबांना 24 तास बीपी मोजणारं यंत्र लावलं होतं. दर अर्ध्या तासाला घुर्रर्र करून पट्टा आवळायचा. रात्री 3 वाजता ते त्यालाच ओरडले, "अरे, सोड की आता!"

आज रिपोर्ट आला. वरचं बीपी दिवसा सरासरी 134, रात्री 131. खरं तर झोपेत ते 10 ते 20 टक्के उतरायला हवं. जुन्या डायबेटिसमध्ये मज्जातंतूंवर परिणाम झाला की हा उतार जाऊ शकतो, मग हृदयाला रात्रीचीही सुट्टी नाही. आणि आम्ही इतकी वर्षं फक्त सकाळी 10 वाजता बीपी मोजून खूश!

बाबा डॉक्टरांना म्हणाले, "झोपूच दिलं नाही यानं, उतरणार कुठून?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे काका, पुन्हा लावू."

आईने मात्र हात जोडले.