चोर सोडून संन्याशाला फाशी: कोर वाढवले तरी प्रोग्रॅम हळू का होतो?

प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यात येतो. "आठ थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर) प्रोग्रॅम छान चालत होता. सोळा केले तर वेग वाढायच्या ऐवजी घटला. सगळे कोर शंभर टक्के दिसतात, लॉकपाशी कुणी झोपलेलं नाही, डिस्क आणि नेटवर्क निवांत आहेत. प्रोफाइलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं हत्यार) एका साध्या इफकडे बोट दाखवतो, आणि त्यात सुधारण्यासारखं काहीच नाही. तुम्ही म्हणता कॅश लाइनवरून कोरांची ओढाताण चालली असेल. पण ती दिसते कुठे?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

दिसते. मात्र ती कोडमध्ये शोधायला गेलात तर दिसत नाही; मेमरीच्या पत्त्यांवर शोधली तर लगेच दिसते. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. बाकीचं सगळं ते पत्ते वाचायचे कसे, याबद्दल.

आधी थोडं यंत्राबद्दल. प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट उचलत नाही, अख्खी कॅश लाइन उचलतो आणि कोरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, ठेवतो. एक्स८६ वर ती ६४ बाइटची. ॲपलच्या एम मालिकेत आणि आयबीएमच्या पॉवरवर १२८ बाइटची. एखाद्या कोरला त्या लाइनमध्ये काही लिहायचं असेल, तर आधी तिची एकट्याची मालकी मिळवावी लागते, म्हणजेच बाकी सगळ्या कोरांकडच्या प्रती बाद कराव्या लागतात. मग दुसऱ्या कोरला तीच लाइन वाचायची झाली, की ती पहिल्याच्या कॅशमधून मागवावी लागते. स्वतःच्या एल१ मधून, म्हणजे सर्वांत जवळच्या कॅशमधून, वाचायला चार-पाच सायकल लागतात. शेजारच्या कोरकडून आणायला कित्येक दहा, कधी शंभराच्या आसपास. दुसऱ्या सॉकेटवरून, म्हणजे त्याच मशीनमधल्या दुसऱ्या प्रोसेसर चिपवरून, आणायची तर काहीशे. आणि या सगळ्या वेळात तो कोर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशेबी 'कामात' असतो. थ्रेड झोपलेला नाही, सूचना (इन्स्ट्रक्शन) अर्धवट अडकलेली आहे, एवढंच. म्हणून टॉप या कमांडमध्ये शंभर टक्के दिसतात आणि काम पुढे सरकत नाही.

यात गोम अशी की हार्डवेअरला तुमचे व्हेरिएबल माहीतच नसतात. एकाच ६४ बाइटांत दोन फील्ड (स्ट्रक्चर नावाच्या डेटाच्या गटातले घटक) शेजारी पडले, एक थ्रेड एकालाच लिहितो, दुसरा दुसऱ्यालाच वाचतो, तर्काने दोघांचा काडीचा संबंध नाही. तरी लाइन दोघांमध्ये चेंडूसारखी फिरत राहते. हेच फॉल्स शेअरिंग.

आता प्रोफाइलर फसवतो कसा ते पाहा. पर्फ हे लिनक्सचं मोजमापाचं हत्यार. त्याचं साधं रेकॉर्ड हिशेब मांडतं सूचनांचा: कोणत्या सूचनेवर किती सायकल गेल्या. लाइन पळवणारा असतो लिहिणारा, पण वाट पाहत बसतो वाचणारा, आणि वेळ त्याच्याच नावावर चढतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यातून साध्या सॅम्पलिंगमध्ये (अधूनमधून नमुना टिपण्यात) दोष एक-दोन सूचना पुढे घसरतो, म्हणजे कधी कधी फाशी संन्याशाच्या शेजाऱ्यालाच होते. त्या इफकडे तासन् तास पाहून काही हाती लागत नाही ते यामुळे.

म्हणून हत्यार बदलायचं. लिनक्सच्या पर्फमध्येच सी२सी नावाची उपकमांड आहे, 'कॅश टू कॅश' या अर्थाने. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१० पासून, म्हणजे २०१७ पासून, ती मुख्य प्रवाहात आहे. तिच्यामागचं बरंचसं काम रेड हॅटमधल्या मंडळींचं. ती सॅम्पल घेते मेमरी वाचण्या-लिहिण्याचे, आणि प्रत्येक सॅम्पलबरोबर डेटाचा पत्ता, लागलेला वेळ आणि तो डेटा नेमका कुठून मिळाला हेही नोंदवते. मग सगळी सॅम्पल कॅश लाइनप्रमाणे गोळा करून मांडते. गणती पत्त्यांची असल्यामुळे वाचणारा आणि लिहिणारा पहिल्यांदाच एका पानावर येतात. हे करायला हार्डवेअरची मदत लागते: इंटेलवर पेब्स, एएमडीवर आयबीएस, आर्मवर एसपीई.

लगेच ते चालवायला धावू नका, असं मात्र मी सगळ्यांना सांगते. संशय आधी स्वस्तात पक्का करता येतो. थ्रेड एक, दोन, चार, आठ असे वाढवत नेऊन दर सेकंदाचं काम मोजा. पर्फ स्टॅटमध्ये दर सायकलला पूर्ण होणाऱ्या सूचना पाहा. थ्रेड वाढतात तसा हा आकडा कोसळत असेल तर धूर दिसला म्हणायचं. दोन सॉकेटचं मशीन असेल तर टास्कसेटने सगळे थ्रेड एकाच सॉकेटवर कोंडून पाहा. निम्मे कोर काढून घेतल्यावर काम वाढलं, तर कोरांमधल्या ओढाताणीचा संशय बराच बळावतो. उलट कोर रिकामे बसलेले दिसले तर तुमचा आजार वेगळा. तो बहुधा साध्या लॉकचा, त्याला हे औषध नाही.

संशय पक्का झाला की, पूर्ण भार चालू असताना, रूट म्हणून:

पर्फ सी२सी रेकॉर्ड -ए -- स्लीप ५

पाच सेकंद पुष्कळ झाले. जास्त वेळ चालवलं तर फाइल फुगते आणि अहवाल उघडायलाच वेळ जातो. भार मात्र खरा हवा. रिकाम्या सर्व्हरवर घेतलेला अहवाल म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नंतर पर्फ सी२सी रिपोर्ट, आणि मी त्याला स्टँडर्ड आउटपुटचा पर्याय देते, कारण तो मजकूर फाइलमध्ये ठेवून शांतपणे वाचता येतो.

अहवाल पहिल्यांदा उघडला की छाती दडपते. इतके रकाने की ओळ पडद्यावर मावत नाही. त्यातला शोधायचा शब्द एकच: हिट-एम. कोरने वाचायला मागितलं आणि ती लाइन दुसऱ्या कोरच्या कॅशमध्ये, त्याने बदललेल्या अवस्थेत सापडली, असा त्याचा अर्थ. लोकल हिट-एम म्हणजे त्याच सॉकेटमधल्या कोरकडे, रिमोट म्हणजे दुसऱ्या सॉकेटकडे. रिमोटचे महाग. मशीन एकाच सॉकेटचं असेल तर रिमोटचा रकाना शून्यच राहणार. तेव्हा क्रम लोकल किंवा एकूण हिट-एमनुसार लागलेला आहे ना ते पाहा, नाहीतर 'काहीच सापडलं नाही' म्हणून बंद कराल. आर्मवर हिट-एमऐवजी पीअर नावाचा रकाना पाहायचा.

पहिला मोठा तक्ता लाइनींचा असतो: सर्वांत जास्त ओढाताणीची लाइन वर. पहिल्या दोन-तीन लाइनींतच बहुतेक हिट-एम साचलेले असतील तर तुमचं नशीब चांगलं. शंभर लाइनींत पसरलेले असतील तर एका ठिकाणी दुरुस्ती करून भागणार नाही. हे आकडे सॅम्पलचे आहेत, प्रत्यक्ष घटनांचे नव्हेत, हे विसरू नका. शिवाय लोड (मेमरीतून वाचणं) ठराविक सायकलींपेक्षा जास्त वेळ लागलेलेच यात धरले जातात. इंटेलवर ही मर्यादा मुळात ३० सायकलींची असते. म्हणून 'बाराशे' या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही, एकूणात त्याचा वाटा किती एवढंच पाहायचं.

खरा मजकूर त्याखालच्या तक्त्यात. प्रत्येक लाइन तिथे उघडून दाखवलेली असते: लाइनमधल्या कोणत्या ऑफसेटवर (कितव्या बाइटवर) कोण आलं, लोडने का स्टोअरने (लिहिण्याने), कोणत्या फंक्शनमधून, सोर्सच्या कितव्या ओळीवरून, किती कोरांवरून. एक ठरावीक नमुना सांगते. तुमच्यापैकी अनेकांच्या अहवालात हाच निघतो. ऑफसेट ३२ वर हिट-एम ढिगाने, स्टोअर शून्य. ऑफसेट ४० वर सगळे स्टोअर, आणि थोडे हिट-एम तिथेही, कारण अटॉमिक वाढ (मध्ये कुणाला घुसू न देता केलेली) म्हणजे आधी वाचणं आणि मग लिहिणं. सोर्स उघडला की दिसतं ते असं: ३२ वर आहे 'कमाल मर्यादा', जी प्रोग्रॅम सुरू होताना एकदा भरली आणि नंतर कधीच बदलली नाही. ४० वर आहे 'एकूण विनंत्या' हा काउंटर, जो प्रत्येक थ्रेड प्रत्येक विनंतीला वाढवतो. इफ बिचारा मर्यादा तपासतो, आणि प्रत्येक तपासणीला त्याला लाइन दुसऱ्याकडून मागवावी लागते. प्रोफाइलरने पकडलेला संन्यासी हाच. काउंटर वाढवणारी ओळ साध्या प्रोफाइलमध्ये कितीतरी खाली असू शकते.

इथे अडखळायची एक जागा आहे. अहवालातला ऑफसेट कॅश लाइनच्या सुरुवातीपासूनचा असतो, तुमच्या स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासूनचा नव्हे. ६४ बिट लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक (प्रोग्रॅमला मेमरी वाटणारं फंक्शन) १६ बाइटच्या सीमेवर जागा देतो, त्यामुळे स्ट्रक्चर लाइनच्या मध्येच सुरू झालेलं असू शकतं. हीपवरच्या, म्हणजे मॅलॉकने दिलेल्या मेमरीतल्या, डेटाचं नावही अहवाल सांगत नाही. ते सोर्स ओळीवरून ओळखायचं. अशा वेळी मी पाहोल चालवते. डीबग माहिती असलेल्या बायनरीवरून ते स्ट्रक्चरचा प्रत्येक फील्ड, त्याचा ऑफसेट, मधली भोकं आणि ६४ बाइटच्या सीमा छापून देतं. दोन फील्डमधलं अंतर अहवालाशी जुळलं की ओळख पटली. कधी कधी मात्र दोन फील्ड एकाच स्ट्रक्चरमधले निघतच नाहीत. मॅलॉकने शेजारी ठेवलेल्या दोन वेगळ्या वस्तू असतात. हे प्रकरण सगळ्यांत चिवट, कारण सोर्स वाचून ते कळणं अशक्य.

दुरुस्ती फॉल्स शेअरिंगची असेल तर सोपी: काउंटर वेगळ्या लाइनवर हलवा. सी++ मध्ये अलाइनॲझ, कर्नलमध्ये त्यांचे तयार मॅक्रो, जावामध्ये जेडीके ८ पासून कंटेंडेड ॲनोटेशन, तेही स्वतःच्या क्लासवर चालायला जेव्हीएमला वेगळा पर्याय द्यावा लागतो. ६४ का १२८, हा उपप्रश्न नेहमी येतो. इंटेलचा एक प्रीफेचर (डेटा मागण्याआधीच आणून ठेवणारा भाग) लाइनींची जोडी एकदम ओढतो, म्हणून एक्स८६ वरही काही लायब्ररी मुद्दाम १२८ बाइट सोडतात. मोजून ठरवा. पण भीतीपोटी प्रत्येक फील्डला स्वतःची लाइन देऊ नका. जागा फुगून कॅशच अपुरी पडली तर आगीतून फुफाट्यात.

लोड आणि स्टोअर दोन्ही एकाच ऑफसेटवर असतील तर पॅडिंगचा (मध्ये रिकामी जागा सोडण्याचा) काडीचा उपयोग नाही. ते खरंखुरं शेअरिंग आहे, आणि मला स्वतःला तेच जास्त रंजक वाटतं. सगळ्यांनी मिळून वाढवायचा काउंटर हे त्याचं ठळक उदाहरण: तो थ्रेडगणिक वेगळा ठेवायचा आणि वाचताना बेरीज करायची. जावा ८ मधला लाँगॲडर याच कल्पनेवर उभा आहे. रीडर-रायटर लॉकही (अनेक वाचकांना एकदम, पण लिहिणाऱ्याला एकट्यालाच आत सोडणारा) याच जातीचा. 'आम्ही तर फक्त वाचतो' असं लोक ठामपणे सांगतात, पण रीड लॉक घेताना लॉकच्या आतला वाचकांचा आकडा बदलतो, आणि तो बदल म्हणजे लिहिणंच. संदर्भ मोजणारे पॉइंटर तसेच: प्रत घेतली की काउंटर हलला. आणि एक अगदी क्षुल्लक प्रकार: एखादा झेंडा (खरं-खोटं सांगणारा फ्लॅग) आधीच खरा असताना प्रत्येक फेरीत पुन्हा खरा करणं. किंमत तीच असली तरी स्टोअर तो स्टोअरच, लाइनची मालकी मागणारच. आधी वाचून, गरज असेल तरच लिहायचं. इफ एकच वाढतो आणि ओढाताण थांबते.

दुरुस्तीनंतर अहवाल पुन्हा घ्या, पण निकाल त्यावर ठरवू नका. दर सेकंदाचं काम वाढलं का ते पाहा. तक्त्यातली पहिली लाइन गायब झाली आणि वेग जिथल्या तिथे, असंही होतं, कारण त्या लाइनची वाट पाहणारा थ्रेड मुळात कुणाला अडवत नव्हता. कधी पहिली हटली की तिच्यामागे दडलेली दुसरी वर येते.

'आमच्याकडे तर ते चालतच नाही' ही तक्रार बहुतेक व्हर्च्युअल मशीनवाल्यांची. पाहुण्या मशीनला हे सॅम्पलिंग बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, आणि रेकॉर्ड सुरूच होत नाही. तिथे तोच प्रोग्रॅम एखाद्या प्रत्यक्ष मशीनवर तशाच भाराखाली चालवणं हा मार्ग. स्ट्रक्चरमधल्या फील्डची मांडणी बायनरीबरोबरच येते, त्यामुळे स्ट्रक्चरच्या आतली भांडणं तिथेही बहुधा तशीच दिसतात. हीपवरच्या शेजाऱ्यांबद्दल मात्र तशी खात्री नाही.

आणि फील्ड हलवल्यावर त्याच फाइलमध्ये एक स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) टाका: मर्यादा आणि काउंटर यांच्या ऑफसेटना ६४ ने भागल्यावर येणारे भागाकार वेगळेच असले पाहिजेत. स्ट्रक्चरची सुरुवात ६४ च्या सीमेवर अलाइन केलेली असेल तरच या तपासणीला अर्थ आहे, तेवढं पाहा. वरती दोन ओळींची टीप लिहा, का ते सांगणारी. नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी जागा वाचवण्यासाठी फील्ड नीटनेटके लावेल आणि तोच प्रश्न घेऊन येईल.