भिंतीवर सांडलेला बॅटमॅन

होम थिएटरच्या धंद्यात तक्रारी ठरलेल्या असतात. आवाज येत नाही, चित्र हिरवट दिसतं, रिमोट चालत नाही. कोथरूडच्या काकांची वेगळीच होती : “अहो, सिनेमा मध्येच मोठा होतो आणि भिंतीवर चढतो.” यंत्रणा दुसऱ्या कुणीतरी बसवलेली. त्याने प्रोजेक्टरचा बोर्ड बदलायचा खर्चही सांगून ठेवला होता.

खोलीत १० फूट रुंद स्कोप पडदा, २.४० गुणोत्तराचा, म्हणजे रुंदी उंचीच्या २.४० पट. वर फॉल्स सीलिंग, खाली सेंटर स्पीकर. “कोणता सिनेमा लावला होता?” “डार्क नाइट, बॅटमॅनचा. ब्लू-रे डिस्क.” इथेच निम्मं निदान झालं. तरी म्हटलं, लावा.

सिनेमा बँकेच्या दरोड्याने सुरू होतो, आणि तो आयमॅक्स कॅमेऱ्यावर, म्हणजे जास्त उंच चौकटीत, चित्रित केलेला आहे. जोकरच्या टोळीचे मुखवटे वरच्या पीओपीवर, बूट स्पीकरवर! दरोडा संपला, पुढचा प्रसंग आला आणि चित्र निमूट पडद्यात जाऊन बसलं.

प्रोजेक्टर ठणठणीत होता. ब्लू-रेची फ्रेम १९२० बाय १०८०. स्कोप चित्र त्यातल्या साधारण ८०० ओळी वापरतं, उरलेल्या वर-खाली काळ्या. स्कोप पडदा भरावा म्हणून झूम वाढवला की या काळ्या पट्ट्या भिंतीवर पडतात, कुणाला दिसत नाहीत. पण २००८च्या या सिनेमातले आयमॅक्स प्रसंग डिस्कवर पूर्ण १.७८मध्ये (म्हणजे १६:९) आहेत, म्हणजे त्या पट्ट्यांच्या जागीही चित्र. टेप लावून दाखवलं : वर पावणेनऊ इंच, खाली पावणेनऊ इंच. घरच्या टीव्हीवर हीच गोष्ट छान वाटते, काळ्या पट्ट्या जाऊन चित्र खुलतं. लेन्स मेमरीचा (झूमच्या जागा लक्षात ठेवून मोटरने बदलायची सोय) इथे उपयोग नाही, मोटर फिरेपर्यंत शॉट बदललेला असतो.

प्रोजेक्टरच्या मेन्यूत जाऊन वरचा-खालचा भाग ब्लँक केला, म्हणजे काळा करून टाकला. काकांना ते रुचेना. “म्हणजे पैसे देऊन चित्र कापून बघायचं?” मी सांगितलं, साध्या थिएटरांत २.४०च दाखवला होता, त्यामुळे चौकट त्या हिशेबानेही सांभाळलेली आहे. त्यांची मान अर्धवटच हलली.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, “खालची ओळ कुठे गेली?” सबटायटलची दुसरी ओळ ब्लँक केलेल्या भागात गडप झाली होती. नशिबाने प्लेअरला सबटायटल वर सरकवायची सोय होती. सगळ्यांत नसते.

माझं मत विचाराल, तर अशा डिस्कसोबत अखंड २.४०ची आवृत्तीही द्यायला हवी. त्याच सिनेमाच्या डीव्हीडीवर होतीच की!

काकांना आता १६:९चा पडदा हवाय. अंदाजपत्रक पाठवलंय. स्पीकर हलवायला काकूंची हरकत नाही, पीओपीला हात लावायचा नाही म्हणतात.